ज्यानं टोपी घातली, तोच संघात

नगरमध्ये क्रिकेटवेड्या चार माणसांची बैठक जमली आणि महाराष्ट्राचा सर्वकालीन रणजी संघ मांडायचं ठरलं, की दोन नावं आधीच लिहून झालेली असतात. नवा चेंडू झहीर खानच्या हातात आणि मधल्या फळीत अजिंक्य रहाणे. झहीरचा जन्म श्रीरामपूरचा, रहाणेचा संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. एकानं ९२ कसोटींत ३११ बळी घेतले, दुसऱ्यानं मेलबर्नमध्ये शतक ठोकून भारताला मालिकेत परत आणलं. मग वाद उरलेल्या नऊ जागांवर रंगतो. या दोन जागांवर कुणी तोंड उघडत नाही.

मला नेमकं या दोन जागांवर बोलायचं आहे. झहीर आणि रहाणे या दोघांनाही महाराष्ट्राच्या सर्वकालीन संघात जागा नाही. कारण साधं आहे: दोघांपैकी एकही महाराष्ट्राकडून रणजीचा एकही सामना खेळलेला नाही. झहीर बडोद्याकडून आणि पुढे मुंबईकडून खेळला, रहाणे मुंबईकडून. आजच्या महाराष्ट्र राज्यातून रणजीला तीन संघ उतरतात, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. नगर जिल्हा यातल्या महाराष्ट्राच्या संघाखाली येतो. त्या संघाची टोपी या दोघांनी कधी घातली नाही. ज्यानं टोपी घातली नाही, त्याला त्या संघाच्या इतिहासात घुसवणं हा खोटेपणा आहे, आणि तो प्रेमापोटी केला म्हणून खरा होत नाही.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं येतं: ‘आपल्या मातीतली पोरं आहेत, आपली म्हणायला काय हरकत?’ आपली म्हणायला काहीच हरकत नाही. श्रीरामपूरला झहीरचा आणि संगमनेरला रहाणेचा अभिमान वाटावा, तो योग्यच आहे. पण सर्वकालीन संघ म्हणजे अभिमानाची यादी नव्हे. त्या संघासाठी मैदानात कोण उतरलं, कुणी धावा काढल्या, कुणी उन्हात दिवसभर गोलंदाजी केली, याचा तो हिशेब आहे. गावात जन्मला म्हणून सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढत नाही. संघाच्या इतिहासालाही हाच नियम लागू आहे.

झहीर कसा घडला ते नीट बघू. तो श्रीरामपुरात वाढला, तिथेच शिकला. वयाच्या सतराव्या वर्षी वडील त्याला मुंबईला घेऊन गेले. इंजिनिअरिंगला जाणारा मुलगा नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांच्या हाताखाली आला. तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला आणि टी. ए. शेखर व डेनिस लिली यांच्या नजरेखाली तयार झाला. तिथून बडोदा. बडोद्यानं २०००-०१ मध्ये रणजी करंडक जिंकला तेव्हा झहीर त्या संघात होता. पुढे मुंबईकडून २००६-०७ च्या अंतिम सामन्यात बंगालविरुद्ध त्यानं नऊ बळी घेतले. या सगळ्या प्रवासात महाराष्ट्राचा संघ कुठेही येत नाही. नाईकांनी, चेन्नईनं, बडोद्यानं केलेल्या कामाचं श्रेय आपण एका फटक्यात महाराष्ट्राच्या नावावर लिहितो. जे काम आपल्या संघानं केलं नाही, त्याचं फळ आपल्या खात्यावर कसं जमा होईल?

रहाणेची गोष्ट आणखी सरळ आहे. तो डोंबिवलीत लहानाचा मोठा झाला, प्रवीण आमरे यांच्याकडे शिकला आणि २००७ पासून मुंबईचा झाला. मुंबईनं २०२३-२४ मध्ये आपलं ४२ वं रणजी विजेतेपद मिळवलं ते त्याच्याच नेतृत्वाखाली. ज्या माणसानं मुंबईला करंडक उचलून दिला, त्याला आपण कुठल्या तोंडानं महाराष्ट्राच्या संघात बसवतो? उद्या मुंबईवाल्यांनी त्यांचा सर्वकालीन संघ मांडला आणि त्यात पुण्यात जन्मलेले पण मुंबईकडून कधीही न खेळलेले चंदू बोर्डे घुसवले, तर आपण गप्प बसू का?

दुसरं उत्तर थोडं शहाणपणाचं असतं. ‘जन्मावरून संघ बांधायची रीत जगात आहेच की,’ असं सांगून लोक स्पेनमधल्या अ‍ॅथलेटिक बिल्बाओ या फुटबॉल क्लबचं उदाहरण देतात. हा क्लब बास्क प्रदेशाशी नातं असलेलेच खेळाडू घेतो, हे खरं आहे. पण उदाहरण पूर्ण सांगायला हवं. तिथे जन्माइतकंच घडणीला महत्त्व आहे. त्या प्रदेशात जन्मलेला खेळाडू चालतो, तसा तिथे खेळ शिकून वाढलेलाही चालतो. आणि क्लबच्या इतिहासात जागा मिळते ती त्याचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून मैदानात उतरलेल्यांनाच. बिल्बाओत जन्मून आयुष्यभर माद्रिदला खेळलेल्या खेळाडूला त्यांचे चाहते आपल्या सर्वकालीन अकरामध्ये घेत नाहीत. म्हणजे हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या फुटबॉलमध्येही संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर पेठेच्या जर्सीत जो उतरला, तो पेठेचा खेळाडू.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. झहीर आणि रहाणेला आत घेतलं की दोन माणसं बाहेर जातात. नगरच्या अभिमानाची किंमत कुणीतरी मोजतं, आणि मोजणारी ही माणसं महाराष्ट्रासाठी खरोखर खेळलेली असतात.

नव्या चेंडूची जागा कुणाची होती? वसंत रांजणे यांची. १९५६-५७ च्या मोसमात आपल्या पहिल्याच रणजी सामन्यात त्यांनी सौराष्ट्राविरुद्ध एका डावात ३५ धावांत ९ बळी घेतले, त्यात हॅट्‌ट्रिकही होती. पुढे ते भारताकडून सात कसोटी खेळले. किंवा मग पांडुरंग साळगावकर यांची. सत्तरच्या दशकात देशातला सर्वांत वेगवान गोलंदाज म्हणून त्यांचं नाव घेतलं जात होतं. प्रथम श्रेणीत दोनशेवर बळी घेऊनही त्यांना कसोटीची टोपी मिळाली नाही. भारताच्या निवड समितीनं त्यांना एकदा बाहेर ठेवलं. निदान महाराष्ट्राचा संघ मांडताना आपण त्यांना दुसऱ्यांदा बाहेर ठेवू नये.

मधल्या फळीतली जागा कुणाची होती? शंतनू सुगवेकर यांची. १९८८-८९ मध्ये मध्य प्रदेशविरुद्ध पुण्यात ते २९९ धावांवर नाबाद राहिले. समोरचे सगळे फलंदाज संपले आणि तिसऱ्या शतकाला एक धाव कमी पडली. प्रथम श्रेणीतली त्यांची सरासरी साठच्या वर आहे. अशा फलंदाजाची जागा आपण महाराष्ट्राकडून एक धावही न काढलेल्या माणसाला देतो आणि वर त्याला आपला संघ म्हणतो.

नगरचाच प्रश्न असेल तर त्याचंही उत्तर आहे. अनुपम संकलेचा हा नगरचा मध्यमगती गोलंदाज महाराष्ट्राकडून रणजी खेळला. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्रानं अंतिम फेरी गाठली, हैदराबादला कर्नाटकाविरुद्ध करंडकासाठी झुंज दिली, तेव्हाच्या संघात तो होता. महाराष्ट्राच्या संघात नगरचं नाव शोधायचं असेल तर ते इथे सापडतं. तो सर्वकालीन अकरामध्ये बसतो असा माझा दावा नाही. पण नगरच्या बैठकीत झहीरचं नाव पहिल्या मिनिटाला निघतं आणि संकलेचाचं निघतच नाही, तेव्हा आपल्याला संघाच्या इतिहासाशी काही देणंघेणं नाही, फक्त प्रसिद्धीशी आहे, हे उघड होतं.

तिसरा आक्षेप असा येतो: ‘दर्जा बघा ना! ३११ कसोटी बळी कुठे आणि रणजीचा गोलंदाज कुठे?’ हा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो रणजी संघाचं स्वतंत्र अस्तित्वच नाकारतो. महाराष्ट्राचा सर्वकालीन संघ निवडताना माप एकच हवं, महाराष्ट्राच्या टोपीखाली काय केलं हे. कसोटीचा आकडा लावायचा असेल तर सरळ भारताचा सर्वकालीन संघ मांडा. त्यात झहीरसाठी मीही भांडेन. पण रणजी संघाला कसोटीचं माप लावलं की ज्यांनी आयुष्य या संघाला दिलं, तेच आधी गळतात.

सुरेंद्र भावे घ्या. सलामीला येऊन त्यांनी प्रथम श्रेणीत आठ हजारांच्या जवळ धावा काढल्या, सरासरी ५८ च्या आसपास. भारताकडून एकही सामना नाही. कसोटीचं माप लावलं तर भावे बाहेर, सुगवेकर बाहेर, साळगावकर बाहेर. आणि सगळ्यात मोठं नाव, भाऊसाहेब निंबाळकर, तेही बाहेर, कारण त्यांना कसोटी खेळायलाच मिळाली नाही. ज्या मापानं नाबाद ४४३ धावा काढणारा माणूस संघाबाहेर जातो, ते माप फेकून द्यायला हवं.

निंबाळकरांचं नाव आलं की चौथा आक्षेप तयारच असतो: ‘काठियावाडची गोलंदाजी ती काय! आजच्या गोलंदाजीपुढे टिकले असते का?’ याला मी नीट उत्तर देतो, कारण हा आक्षेप फक्त निंबाळकरांना लावून थांबत नाही, तो सगळ्या जुन्या खेळाडूंना लावला जातो.

डिसेंबर १९४८. पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला होता. महाराष्ट्रानं ४ बाद ८२६ केल्या. निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता. तेव्हा काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुढे खेळायला तयार झाले नाहीत आणि सामना तिथेच संपला. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली ती आजही सर्वोच्च खेळी आहे.

काठियावाडची गोलंदाजी साधारण होती, हे मान्य. खेळपट्टी फलंदाजीला अनुकूल होती, हेही मान्य. पण हा युक्तिवाद करणाऱ्यांनी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. गेल्या नऊ दशकांत रणजीत दुबळ्या गोलंदाजीविरुद्ध, सपाट खेळपट्ट्यांवर हजारो डाव खेळले गेले. त्यातल्या किती जणांनी ४४३ केल्या? चारशेचा टप्पासुद्धा दुसऱ्या कुणा भारतीयानं ओलांडलेला नाही. सोपी संधी सगळ्यांना मिळाली, ती इतकी दूर नेली एकानंच. माणसाला त्याच्या काळातल्या माणसांशी ताडून पाहायचं असतं. १९४८ च्या फलंदाजाला आजच्या स्पीडगनपुढे उभं करून नापास करणं म्हणजे परीक्षा झाल्यावर प्रश्नपत्रिका बदलण्यासारखं आहे.

विजय हजाऱ्यांबाबत तर हा आक्षेप तासभरही टिकत नाही. १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध पुण्यात त्यांनी नाबाद ३१६ केल्या. भारतीय फलंदाजाचं ते पहिलं त्रिशतक. ‘गोलंदाजी दुबळी होती’ म्हणणाऱ्यांनी पुढे काय झालं ते वाचावं. १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेत हिंदू संघाविरुद्ध ‘द रेस्ट’चा डाव ३८७ धावांत संपला, त्यातल्या ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध, लिंडवॉल आणि मिलर समोर असताना, त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा काढल्या. महाराष्ट्राच्या मैदानात तयार झालेला हात जगातल्या सर्वांत भेदक वेगवान जोडीपुढे टिकला. आणखी कसला पुरावा हवा?

कुणी विचारेल, हजारे नंतर बडोद्याकडून खेळले, मग ते चालतात आणि झहीर का चालत नाही? प्रश्न रास्त आहे. बडोद्याला जाण्याआधी हजारे महाराष्ट्राकडून खेळले होते. त्यांचं त्रिशतक महाराष्ट्राच्या टोपीखालचं आहे. पुढच्या बडोद्याच्या धावा मी मोजत नाही, त्या बडोद्याच्या संघासाठी मोजाव्यात. गुल महंमदबरोबरची त्यांची ५७७ धावांची भागीदारी बडोद्याच्या खात्यावर आहे आणि तिथेच शोभते. ऋषिकेश कानिटकरनं राजस्थानला २०१०-११ आणि २०११-१२ अशी सलग दोन विजेतेपदं मिळवून दिली. ती राजस्थानची. महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षं काढलेल्या धावा आपल्या. एकाच माणसाला दोन संघांच्या सर्वकालीन अकरामध्ये जागा मिळू शकते, पण प्रत्येक ठिकाणी त्या त्या टोपीखालच्या कामगिरीवर. हा नियम सगळ्यांना सारखा लावला की वाद मिटतो. झहीरच्या महाराष्ट्राच्या खात्यावर मोजायला काहीच नाही.

पाचवा आक्षेप तरुण मंडळींचा असतो: ‘ज्याला आम्ही पाहिलं नाही, ज्याचा व्हिडिओ नाही, त्याला कसं निवडायचं?’ याचं उत्तर विस्डेननं २०१३ मध्ये देऊन ठेवलं आहे. दीडशे वर्षं पूर्ण झाली म्हणून त्यांनी जगाचा सर्वकालीन कसोटी संघ निवडला. त्यात सिडनी बार्न्सला घेतलं. बार्न्सची शेवटची कसोटी १९१४ ची. निवडणाऱ्यांपैकी कुणीही त्याला कसोटीत गोलंदाजी करताना पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. तरी त्याला घेतलं, कारण धावफलक होते, समकालीनांची साक्ष होती आणि २७ कसोटींतले १८९ बळी होते. जे पाहिलं तेवढंच खरं मानायचं तर सर्वकालीन हा शब्द काढून टाकावा आणि ‘मी टीव्हीवर पाहिलेला संघ’ असं नाव द्यावं. तोही संघ मांडायला हरकत नाही. फक्त नाव खरं ठेवावं.

आणि न पाहिलेल्यांना वगळलं तर प्रा. दि. ब. देवधरांचं काय करायचं? महाराष्ट्रानं रणजी करंडक आजवर दोनदाच जिंकला. १९३९-४० मध्ये पुण्यात संयुक्त प्रांताला हरवून आणि १९४०-४१ मध्ये मद्रासमध्ये मद्रासला हरवून. दोन्ही वेळा कर्णधार देवधर. दुसऱ्या विजेतेपदाच्या मोसमात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं झळकावली तेव्हा ५२ वर्षांचे. त्यानंतर महाराष्ट्र अंतिम फेरीत गेला, १९७०-७१ मध्ये मुंबईकडून, १९९२-९३ मध्ये पंजाबकडून आणि २०१३-१४ मध्ये कर्नाटकाकडून हरला. करंडक परत आला नाही. ज्या एका माणसानं तो दोनदा आणला, त्याचा व्हिडिओ नाही म्हणून त्याला बाहेर बसवायचं?

नुसता आक्षेप घेऊन थांबणं मला पटत नाही. दुसऱ्याचा संघ खोडला तर स्वतःचा मांडावा लागतो. नियम एकच: महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला असावा आणि त्या टोपीखालची कामगिरी आधी बघावी.

सलामीला सुरेंद्र भावे आणि चेतन चौहान. चौहान पुढे दिल्लीचे झाले, पण घडले महाराष्ट्रात. १९७२-७३ मध्ये मधू गुप्तेंबरोबर त्यांनी विदर्भाविरुद्ध ४०५ धावांची सलामी दिली. तिसऱ्या क्रमांकावर निंबाळकर, चौथ्यावर हजारे, पाचव्यावर सुगवेकर. सहाव्यावर देवधर, कर्णधार म्हणून. सातव्यावर चंदू बोर्डे, लेगस्पिनसह. वेस्ट इंडिजच्या वेगवान माऱ्यासमोर १९५८-५९ च्या दिल्ली कसोटीत १०९ आणि ९६ धावा काढणारे बोर्डे पुढे महाराष्ट्राचा आधार झाले. यष्टीरक्षक हेमंत कानिटकर. १९७०-७१ मध्ये राजस्थानविरुद्ध २५० धावा काढणारा यष्टीरक्षक असेल तर आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी संपत नाही. नव्या चेंडूला रंगा सोहोनी, दोन्ही विजेत्या संघांचे अष्टपैलू, आणि त्यांच्या जोडीला वसंत रांजणे. अकरावे सदू शिंदे. १९४३-४४ मध्ये विजय मर्चंट मुंबईकडून नाबाद ३५९ धावा कुटत असताना शिंदे यांनी ७५.५ षटकं टाकली आणि १८६ धावांत ५ बळी मिळवले. समोरून मार पडत असताना जो माणूस हात खाली टाकत नाही, तो मला संघात हवा. अवघ्या ३१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्याआधी १९५१ मध्ये दिल्लीत त्यांनी इंग्लंडचे ९१ धावांत सहा बळी घेतले होते. बारावे यजुर्वेंद्र सिंग, ज्यांनी १९७७ मध्ये बंगळूरला कसोटी पदार्पणातच सात झेल घेऊन जागतिक विक्रमाची बरोबरी केली.

साळगावकर, ऋषिकेश कानिटकर, उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा काढणारा केदार जाधव, ऋतुराज गायकवाड हे बाहेर राहिले, याचं मला वाईट वाटतं. साळगावकर की रांजणे, यावर कुणी माझ्याशी भांडावं, मी ऐकेन. पदार्पणात नऊ बळी घेणारा हवा की निव्वळ वेग हवा, हा खरा वाद आहे. त्यात दोन्ही बाजूंना पुरावा आहे, दोघांनीही महाराष्ट्रासाठी घाम गाळलेला आहे. असा वाद रात्रभर चालावा.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत सोपा: ‘एवढं काय मनावर घेता, हा नुसता गमतीचा खेळ आहे.’ मी हे मान्य करत नाही. रणजी संघाचा इतिहास शाळेच्या पुस्तकात नाही, रस्त्यांच्या पाट्यांवर फारसा नाही. तो जिवंत राहतो तो चाहत्यांच्या बोलण्यात. सर्वकालीन संघ मांडताना नव्या पिढीतला पोरगा पहिल्यांदा विचारतो, ‘हे निंबाळकर कोण?’ आणि कुणीतरी त्याला ४४३ ची गोष्ट सांगतं. ही एवढीच आपली शाळा आहे. तिथे खोटं शिकवलं की दुसरीकडे कुठे दुरुस्ती होत नाही. आज आपण झहीरला महाराष्ट्राच्या संघात बसवू, तर वीस वर्षांनी श्रीरामपूरचा पोरगा खरोखर समजेल की झहीर महाराष्ट्राकडून खेळला होता. त्याला हे कळणारच नाही की १७ वर्षांच्या मुलाला क्रिकेटसाठी गाव सोडून मुंबई, चेन्नई, बडोदा अशी वाट धरावी लागली.

आणि नगरसाठी हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. नगर जिल्ह्यानं भारताला दोन मोठे कसोटीपटू दिले आणि ज्या संघाखाली जिल्हा येतो, त्या संघाच्या सर्वकालीन अकरामध्ये त्यांपैकी एकही नाही. खरा संघ मांडला की ही उणीव डोळ्यांसमोर येते. खोटा संघ मांडला की ती झाकली जाते, आपल्याला बरं वाटतं आणि पुढच्या झहीरलाही गाव सोडावं लागेल का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. डोंबिवलीतल्या रहाणेचा प्रश्न वेगळा असेल, कुटुंबं पोटापाण्यासाठी शहरात जातात. पण झहीर श्रीरामपुरात वाढला होता. त्याचा प्रश्न आपलाच आहे आणि तो उघडा राहायला हवा.

म्हणून नगरकरांना माझं सांगणं असं. दोन वेगवेगळ्या याद्या करा आणि दोन्हींना खरी नावं द्या. पहिली, नगर जिल्ह्यात जन्मलेल्या क्रिकेटपटूंची. तिच्यात झहीर आणि रहाणे सगळ्यांत वर असतील, आणि असावेतच. दुसरी, महाराष्ट्राच्या टोपीतल्या नगरकरांची. तिच्यात संकलेचाचं नाव लिहा, आणि त्याच्या आधी-नंतर कोण खेळलं ते शोधा. त्यासाठी जिल्ह्याच्या जुन्या स्कोअरच्या वह्या बाहेर काढाव्या लागतील. वाडिया पार्कवर, शाळांच्या मैदानांवर आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या निमंत्रित स्पर्धेत जिल्ह्याकडून खेळलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारा, त्यांच्या पेट्यांतली कात्रणं बघा, तारखा लिहून घ्या, फोटोखाली नावं घाला. हे काम पुण्या-मुंबईचं कुणी येऊन करणार नाही.

त्या दुसऱ्या यादीत नावं कमी निघाली तर निघू द्या. कमी नावांची खरी यादी जिल्हा संघटनेला, शाळांना आणि आमदारांना दाखवून मैदानं आणि प्रशिक्षक मागता येतात. दोन उसन्या नावांनी सजवलेली यादी दाखवून काहीच मागता येत नाही, कारण ती सांगते की सगळं छान चाललं आहे. महाराष्ट्राच्या सर्वकालीन संघात नगरचा माणूस हवा असेल, तर तो घडवावा लागेल. तो जेव्हा महाराष्ट्राची टोपी घालून मैदानात उतरेल आणि रांजण्यांची जागा धोक्यात आणेल, तेव्हा त्याच्यासाठी सगळ्यांत आधी मी भांडायला उभा राहीन.